आधी तुटाळ मोजा, मग प्लांटरचं कोटेशन उघडा

पत्र असं आहे:

‘ताई, नमस्कार. आम्ही शिरोळ तालुक्यातले. घरचं रान साडेनऊ एकर. चार एकर ऊस, उरलेल्या साडेपाच एकरांत खरिपाला सोयाबीन आणि त्यातल्याच तीन एकरांत पुढं हरभरा. ट्रॅक्टर २०१४ सालचा, ४५ एचपीचा. पेरणी अजून जुन्या चार फणी यंत्रानं होते. मागं दोघं बसून चाड्यात मुठीनं बी सोडतात. उगवण कुठं दाट, कुठं टक्कल. पूर्वी आई आणि भावकीतल्या बायका टोकणायच्या, आता बायका मिळत नाहीत. जानेवारीत कोल्हापूरला मेरी वेदर मैदानावरच्या प्रदर्शनात चार ओळींचा न्यूमॅटिक प्लांटर बघितला आणि तो डोक्यातनं जाईना. कोटेशन ३ लाख ८५ हजारांचं आहे. तिथंच तिरप्या तबकडीचा साधा प्लांटर ८५ हजारांना होता. वडील म्हणतात, कुठलंही आण, टोकणीची सर येणार नाही. आई म्हणते, माझ्या पाटल्या ठेव पण घे. काय करू?’

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पाटल्यांपाशी थांबले. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. तो ३ लाख ८५ हजारांचा प्लांटर यंदा घेऊ नका, आणि पाटल्या तर कुठल्याच प्लांटरसाठी ठेवू नका. हा खरीप मोजमापाचा करा. दिवाळीच्या सुमाराला बहुतेक तो ८५ हजारांचाच तुमच्या दारात उभा असेल, आणि तो घेतल्याचं वडिलांनाही वाईट वाटणार नाही. असं का म्हणते, ते आता सविस्तर सांगते.

मी कागल तालुक्यातली. लग्न होऊन आले त्या वर्षापासून सासरच्या रानात टोकणलेलं आहे. त्यामुळं तुमच्या वडिलांचं म्हणणं मला हट्ट वाटत नाही. टोकणणाऱ्या बाईच्या हातात काय असतं ते बघा. दोरीवर वाकून ती बोटानं माती उकरते, तेव्हा बोटाला ओल लागते. ओल वर असली तर ती वर थांबते, खाली असली तर अजून अर्धं पेर खाली जाते. दोन बिया टाकते, माती सारते, टाचेनं किंवा तळव्यानं हलकं दाबते आणि पुढं सरकते. म्हणजे अंतर, खोली, ओल आणि दाब ही चारही कामं एकाच हालचालीत होतात. ढेकूळ आलं तर ती ते बाजूला करते. खोडक्या आल्या तर चार बोटं सरकून टोकणते. यंत्राला यातलं एकही काम आपोआप कळत नाही, ते आपण त्याला लावून द्यावं लागतं. वडील ज्याला टोकणीची सर म्हणतात, ती ही.

पण आमच्याकडं एक एकर दिवसात उरकायला आठजणी लागायच्या, तेही सकाळी लवकर वाकल्या तर. आज आठजणी कुठनं आणायच्या? शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कंपनीची बस दारात येते, पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. त्या पोरींनी चिखलात वाकायला यावं अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. आणि काळ्या रानात पावसानंतर घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळते ती दोन-तीन दिवसांची. पुन्हा पाऊस झाला की आठवडा गेला. साडेपाच एकर टोकणायला साडेपाच दिवस, आणि घात तीन दिवसांची. त्यामुळं यंत्र लागणारच, यात वाद नाही. कुठलं आणि कितीला, एवढाच प्रश्न आहे.

आता न्यूमॅटिकचं सांगते. ते यंत्र चांगलं आहे, याबद्दल शंका नको. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, पंखा फिरतो, पंखा हवा ओढतो, त्या ओढीनं उभ्या तबकडीच्या प्रत्येक भोकाला एकेक बी चिकटतं. जास्तीचं चिकटलेलं बी खरवडून काढायला पट्टी असते. तबकडी फिरून खाली आली की ओढ तुटते आणि बी काकरीत पडतं. बी घासत नाही, चिरडत नाही. सोयाबीनचं साल पातळ असतं, आतला अंकुर सालाला चिकटून असतो, म्हणून हा गुण मोठा आहे.

मात्र त्यासाठी पंखा एका वेगानं सतत फिरत राहावा लागतो. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे टिकले पाहिजेत. तुमचा ट्रॅक्टर सिंगल क्लचचा आहे की ड्युअल, हे पत्रात नाही. हे आज संध्याकाळीच बघा. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की पीटीओही थांबतो. पंख्याची ओढ उतरते, तबकडीला चिकटलेल्या बिया गळून पडतात, आणि पुन्हा उचल घेईपर्यंत पुढचा तुकडा मोकळा जातो. प्रदर्शनात यंत्र एका जागी उभं असतं, तिथं हे दिसत नाही. तुमच्या रानाचे वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे असले तर थोड्या थोड्या वेळानं बांध येणार, वळण येणार, क्लच दाबला जाणार. मागचं वजन लिफ्टला उचलेल का, पुढचं तोंड हलकं होऊन स्टेअरिंग सुटतंय का, हेही तुमच्या ट्रॅक्टरला जोडून, बी आणि खत भरून बघावं लागेल. कोटेशनच्या कागदावर यातलं काही नसतं.

पैशाचा हिशोब मी तुमच्याच आकड्यांवर केला. ३ लाख ८५ हजारांचं यंत्र दहा वर्षं चाललं असं धरू. वर्षाला झीज ३८,५०० रुपये. सरासरी निम्मी रक्कम अडकलेली धरून दहा टक्क्यांनी व्याज १९,२५०. बेअरिंग, पट्टे, पाइप, ग्रीस यांना ८,००० धरा. झाले ६५,७५०. तुमचं पेरणीचं रान सोयाबीन साडेपाच आणि हरभरा तीन, मिळून साडेआठ एकर. म्हणजे नुसतं यंत्र दारात असण्याचे एकरी पावणेआठ हजार रुपये. डिझेल वेगळं. ८५ हजारांच्या तबकडीच्या प्लांटरचा याच पद्धतीनं हिशोब मांडला, देखभालीला ३,००० धरले, तर वर्षाला १५,७५० आणि एकरी साधारण १,८५०.

बी वाचतं त्यात पैसे सुटतात, असं तुम्हाला सांगितलं असेल. वाचतं हे खरं. सोयाबीनची शिफारस हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो. उगवण उत्तम असेल आणि नेमक्या अंतरावर पडलं तर २२ किलोत भागतं. आठ किलो वाचले, किलोला ११० रुपये धरले, तर साडेपाच एकरांत ४,८४० रुपये होतात. त्या मोठ्या यंत्राच्या व्याजाचा चौथा हिस्साच तेवढा त्यातनं सुटतो. शिवाय ही बचत तबकडीच्या प्लांटरवरही बऱ्याच अंशी मिळते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या रानात टक्कल पडतंय, ते कशानं? ‘यंत्र जुनं म्हणून’ असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही, पण तुम्ही ते मोजलेलं नाही. येत्या खरिपात पेरणीनंतर दहाव्या दिवशी रानात उतरा. बरोबर तीन मीटरची काठी किंवा दोरी घ्या. ओळीतलं अंतर ५ सेंटिमीटर धरलं तर तीन मीटरात ६० रोपं हवीत. काठी टाका आणि रोपं मोजा. एकाच जागी नको. रानाच्या दोन टोकांना, मध्ये, खोलगट जागी आणि बांधाकडेला मोजा, आणि प्रत्येक वेळी चारही ओळी. कोणत्या ओळीचा कोणता आकडा, हे वहीत लिहून ठेवा.

तुटाळ, म्हणजे ओळीत रोप नसलेली जागा, कुठं आहे यावरनं कारण सापडतं. दाट-विरळ, दाट-विरळ असं सगळ्या ओळींत असेल तर दोष मुठीचा. चाड्यावर बसलेला माणूस तासाभरानं दमतो, त्याची मूठ कधी सैल सुटते कधी आवळते. हे काम तबकडी नक्की सुधारते. पण रोपं सगळीकडं सारख्याच अंतरानं आणि कमी असतील, ६० ऐवजी ३५-४० भरत असतील, तर दोष बियाण्याचा. तिथं कोटी रुपयांचं यंत्र आणलं तरी ते मेलेलं बी एकेक करून नेमक्या अंतरावर ठेवील. खोलगट भागातच टक्कल असेल तर पाणी साचतंय, रान सपाट करा, चर काढा.

आणि कडेच्या दोनच ओळी कमी असतील तर टेप घेऊन ट्रॅक्टरपाशी जा. चार ओळी ४५ सेंटिमीटरवर असल्या तर पहिल्या आणि चौथ्या ओळीत १३५ सेंटिमीटर अंतर येतं. तुमच्या मागच्या दोन टायरांच्या मधोमधचं अंतरही तेवढंच असेल, तर कडेच्या दोन्ही ओळी टायरनं दाबलेल्या मातीत पडतात. ओल्या काळ्या रानात ती माती विटेसारखी बसते. फण तिथं वर उचलला जातो, बी उथळ पडतं किंवा चिमण्या टिपतात. यावर उपाय टायरचं अंतर बदलणं किंवा टायरमागं माती उकरणारा फण लावणं हा आहे. नवीन न्यूमॅटिक आणला असता तरी त्या दोन ओळी तशाच राहिल्या असत्या. आमच्या भावकीतल्या एका घरात नेमकं हेच झालं. दोन वर्षं बियाण्याला दोष दिला, आणि कारण टायर निघालं.

बियाण्याचं थोडं जास्त सांगते, कारण पैसे न घालता सुधारता येणारी गोष्ट हीच आहे. घरचं सोयाबीन बी म्हणून ठेवत असाल तर ठेवा, सोयाबीनमध्ये ते चालतं. पण मळणीला यंत्र जोरात फिरवलेलं असेल, पोती उंचावरनं टाकली असतील, एकावर एक सात-आठ रचली असतील, तर वरनं गोल-गोमटं दिसणारं बीसुद्धा आतनं फुटलेलं असतं. मे महिन्यातच परीक्षा घ्या. पोत्यातनं न निवडता शंभर बिया घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरनं दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी उघडा. नीट कोंब आलेले ७० किंवा वर भरले तर बी पेरायला चालतं. त्याखाली आले तर बी वाढवावं लागेल. खूपच खाली आले तर ते बी गिरणीला द्या आणि दुसरं आणा.

दुसरी परीक्षा वजनाची. शंभर बिया किराणा दुकानाच्या बारीक काट्यावर तोलून घ्या. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर एकराला साधारण १ लाख ८० हजार बिया बसतात. शंभर बियांचं वजन १२ ग्रॅम भरलं तर एकरी २१ किलो ६०० ग्रॅम. उगवण ८० टक्के असेल तर त्याला ०.८ नं भागा, २७ किलो येतं. तुमच्याकडं फुले संगम वाण असेल तर दाणा जाड असतो, वजन वाढेल, एकरी किलोही वाढतील. जेएस ३३५ या वाणाचा आकडा फुले संगमला लावू नका, आणि जेएस ३३५ ची तबकडीही फुले संगमला लावू नका. तबकडीवरची बी उचलणारी खाच बारीक पडली की जाड दाणा तिच्यात बसत नाही, बसला तर चिरडतो. खाच मोठी असली की दोन-दोन पडतात.

म्हणून तबकडीचा प्लांटर घ्याल तेव्हा दुकानात जाताना खिशात स्वतःचं बी न्या. सोयाबीन, हरभरा आणि भुईमूग करायचा असला तर भुईमुगाचे दाणेही. हरभरा काबुली आहे की देशी, तेही सांगा. प्रत्येकाची तबकडी वेगळी मागा आणि ती किमतीत धरून घ्या. खाचेत बी ठेवून बघा. एकच बी आरामात बसलं पाहिजे. मग यंत्र उचलून जमिनीवरचं चाक हातानं फिरवा. समजा चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर आहे, तर एका फेऱ्यात १५७ सेंटिमीटर जमीन जाते. पाच सेंटिमीटरला एक बी म्हटल्यावर एका ओळीला एका फेऱ्यात ३१ बिया पडायला हव्यात, दहा फेऱ्यांत ३१४. चारही नळ्यांखाली पिशव्या बांधा, दहा फेरे द्या, मोजा. चारही पिशव्यांत साधारण सारखं भरलं पाहिजे. त्या बिया तळहातावर घेऊन किती फुटल्या तेही बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. पैसे तुमचे जाणार आहेत.

फणाचं टोकही बघा. तुम्ही उसाचा खोडवा काढून सोयाबीन करत असाल तर रानात पाचट आणि खोडक्या असणारच. साधा फण पाचट ओढत नेतो, पुढं ढीग होतो, फण उचलला जातो आणि बी वरच पडतं. तसं रान असेल तर दोन तिरप्या चकत्यांचं तोंड बरं, ते पाचट कापतं. पाचट पूर्ण कुजवून, रोटर मारून रान मोकळं करत असाल तर साधा फण पुरतो, आणि तो स्वस्तही पडतो.

आमच्या घरी पहिला प्लांटर आला त्या वर्षीची गोष्ट सांगते, म्हणजे तुमच्यावर ती पाळी येणार नाही. मृगाचा पाऊस झाला, घात आली, दीरांनी सकाळी सातला यंत्र जोडलं. सगळे बांधावर उभे. यंत्र पुढं जाताना काकऱ्या इतक्या सरळ पडत होत्या की सासूबाईंनी हात जोडले. नऊ दिवसांनी रान हिरवं झालं आणि अर्ध्या एकरात चारातली एक ओळ नव्हतीच. विरळसुद्धा नाही, कोरी जमीन. झालं असं होतं की वळणावर यंत्र आधी जमिनीवर टेकवलं आणि मग ट्रॅक्टर जरासा मागं आला. तिसऱ्या फणाच्या तोंडात ओली माती गच्च बसली. वर डब्यात बी होतं, तबकडी फिरत होती, नळीतनं बी येत होतं आणि फणाच्या तोंडाशी तुंबत होतं. मागं चालणारं कुणी नव्हतं, कारण नवीन यंत्राला माणूस लागत नाही असं आम्हाला वाटलं होतं. मग मी, जाऊ आणि सासूबाई, तिघींनी दोरी धरून त्या ओळी टोकणल्या. त्या नंतर उगवल्या, शेवटपर्यंत बुटक्या राहिल्या आणि कापणीलाही हिरव्या होत्या.

तेव्हापासून आमच्याकडं दोन नियम आहेत. ट्रॅक्टर पुढं चालू लागल्यावरच यंत्र खाली सोडायचं, टेकवून मागं कधी यायचं नाही. आणि यंत्रामागं एक माणूस चालणारच. प्रत्येक वळणाला चारही फणांच्या तोंडाकडं बघायचं, आणि अधूनमधून काकरी उकरून खोली बघायची. तीन ते चार सेंटिमीटर, म्हणजे बोटाची दोन पेरंसुद्धा पूर्ण नाहीत. पाचाच्या खाली बी गेलं आणि वरनं जोराचा पाऊस झाला की जमीन खपली धरते, सोयाबीनची मान खालीच मोडते. ओल्या रानात दाबचाकाचं वजनही कमी ठेवा. वेग ताशी चार-पाच किलोमीटरच्या वर नको. तबकडी जास्त वेगानं फिरली की खाच भरायच्या आतच पुढं जाते. ट्रॅक्टर चालवणारा भाड्याचा असला तर हे त्याला पेरणीआधीच सांगा, कारण त्याला पुढच्या गिऱ्हाइकाचं रान दिसत असतं.

बीजप्रक्रिया केलेलं बी ओलसर असतानाच डब्यात ओतू नका. सावलीत वाळू द्या. नाहीतर ते एकमेकांना चिकटतं, खाचा बुजतात, आणि दोष यंत्राला लागतो.

आता भावकीचं. तुम्ही पत्रात भावकीतल्या बायकांचा उल्लेख केलात, म्हणजे येणं-जाणं आहे. न्यूमॅटिकचा वर्षाचा ६५,७५० खर्च सत्तर एकरांवर वाटला तर एकरी साडेनऊशेच्या आत येतो. तेव्हा ते यंत्र परवडतं. चार ओळी म्हणजे १८० सेंटिमीटर रुंदी, ताशी चार किलोमीटर वेग, वळणं आणि डबे भरणं धरून तासाला एक-सव्वा एकर होतो. दिवसाला आठ-नऊ एकर. सत्तर एकरांना आठ दिवस लागले. पण शेजाऱ्याची घात आणि तुमची घात एकाच दिवशी येते. पहिलं कुणाचं पेरायचं, हे आधी कागदावर लिहून ठरलेलं नसेल तर यंत्रापायी भाऊबंदकी उभी राहील. पैऱ्याची बैलं आपल्या वाडवडलांनी चालवली, तेव्हाही पाळी ठरलेली असायची. पाच-सहा घरं पैसे घालून, पाळी लिहून, एकच चालवणारा ठरवून तयार असतील तर न्यूमॅटिकचा विचार जरूर करा. एकट्यानं घेऊन ‘भाड्यानं फिरवून पैसे काढू’ असा बेत असेल तर तुमचं स्वतःचं रान शेवटी राहील, हे लक्षात घ्या. भाडं देणारा थांबत नाही, घरचे थांबतात.

शिरोळ तालुका म्हटल्यावर आणखी एक विचारते. तुमच्या साडेपाच एकरांतलं नदीकाठच्या मळीत किती? २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? ज्या तुकड्यात दोनदा पीक बुडालं, त्याच्या जोरावर कर्ज काढू नका. हिशोब वरच्या रानाचाच करा, आणि यंत्र ठेवायची जागाही पुराच्या खुणेच्या वर बघा.

अनुदानाचं थोडक्यात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज आताच भरून ठेवा. शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ अ, ट्रॅक्टरचं आरसी बुक तयार ठेवा. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के मिळतं, तेही प्रत्येक यंत्राला ठरलेल्या कमाल रकमेपर्यंतच. साडेनऊ एकर एकाच नावावर असेल तर तुम्ही अल्पभूधारकात बसत नाही. पण आईच्या नावावर वेगळा सातबारा असेल तर अर्ज आईच्या नावानं करा. पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधी यंत्र घेऊ नका, बिल आधीच्या तारखेचं असलं तर अनुदान जातं. आणि कोटेशनवर जीएसटी किती टक्के लावलाय बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेरणी यंत्रांवर १२ ऐवजी ५ टक्के आहे.

जुनं चार फणी यंत्र मोडीत घालू नका. बांधाकडेच्या कोपऱ्यांत, जिथं प्लांटर वळत नाही तिथं ते लागेल. छोट्या तुकड्यांसाठी हातानं ढकलायचं चाकाचं टोकण यंत्र मिळतं, तेही एक घरात असू द्या. आमच्या जाऊबाई आता त्यावरच उसातलं आंतरपीक टोकणतात, आणि पाठ दुखत नाही म्हणतात.

राहिले वडील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना रानात न्या. या खरिपात साडेपाच एकरांतलं एक एकर गावातला कुणाचा तरी तबकडीचा प्लांटर भाड्यानं आणून पेरा, मिळाला तर अर्धा एकर न्यूमॅटिकनंही. उरलेलं जुन्या यंत्रानं. बी सगळीकडं एकाच पोत्यातलं. आणि प्लांटरच्या रानात मधोमध दोन ओळींची जागा रिकामी सोडा. घात असतानाच, त्याच दिवशी, त्या दोन ओळी आईच्या हातून टोकणून घ्या. दहाव्या दिवशी तीन मीटरची काठी वडिलांच्या हातात द्या, वही तुम्ही धरा. आकडे मोठ्यानं त्यांनीच सांगायचे. आईच्या ओळीत ५५ आणि प्लांटरच्या ओळीत ५० आले तर ते काय म्हणतील, हे मला आत्ताच ठाऊक आहे. ते आधी त्या पाच रोपांवर बोट ठेवतील, आणि मग भाडं किती झालं ते विचारतील. वहीतले ते आकडे मला पाठवा, चारही ओळींचे वेगवेगळे, आणि मागच्या टायरांमधलं अंतरही.